वरची तबकडी

फौजदार आत आला तेव्हा कानवाली एका तबकडीची खरखर ऐकत होती. यंत्रातून निघालेल्या तबकड्यांपैकी शंभरातली एक वाजवून तपासायची, हे तिचं काम. म्हणून कारखान्यात सगळे तिला कानवालीच म्हणत. तिने पिन उचलली.

फौजदाराच्या मागोमाग मालक आले. एरवी सगळा कारखाना त्यांना टरकून असायचा. आज त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं होतं.

"बंदी घातलेलं ते गाणं तुमच्याकडे निघतं, असं कानावर आलंय," फौजदार सावकाश म्हणाला.

"छे हो साहेब. आमच्याकडे सध्या फक्त नकलाकार खपतो." मालकांनी टेबलावरचा गठ्ठा दाखवला. "त्याची सासू आणि त्याचं गाढव, दोघं मिळून आम्हाला पोसतात."

गठ्ठ्यातल्या प्रत्येक तबकडीवर नकलाकाराचं पिवळं लेबल होतं. खऱ्या नकला मात्र पाचच तबकड्यांवर होत्या. उरलेल्या चाळीस तबकड्यांवर ते गाणं होतं, आणि ते गाणारा कानवालीचा सख्खा धाकटा भाऊ होता. महिनाभर तो कुणाच्या तरी माळ्यावर लपून बसला होता. झडती झालीच तर म्हणून काल मालकांनी त्या पाच तबकड्या स्वतःच्या हाताने सगळ्यात वर रचल्या होत्या.

कानवालीला एकदम सकाळचं आठवलं. गार होताना तबकड्या कडेला वाकतात, म्हणून सकाळी आल्या आल्या गठ्ठा उलटा करून ठेवायचा, ही इथली रीत. अकरा वर्षं तिने ती कधी चुकवली नव्हती. आजही चुकवली नव्हती. त्या पाच आता तळाशी होत्या.

"एक वाजवून दाखवा," म्हणत फौजदाराने वरच्या तबकडीकडे हात नेला. हातात चामड्याचे हातमोजे होते.

"थांबा साहेब." तिला आपलाच आवाज परका वाटला. "वरच्या अजून गरम आहेत. गरम तबकडीवर पिन टेकली की तिची वाट लागते. खालची देते."

फौजदाराने तिच्याकडे पाहिलं. मग तो हातमोजा काढू लागला. एक बोट, दुसरं बोट. गठ्ठा सकाळपासून थंडगार पडला होता. नुसता तळवा टेकवायचा अवकाश होता.

"हात भाजेल हो," मालक घाईने म्हणाले. काय घोटाळा झालाय ते त्यांना कळलं नव्हतं, पण तिचा चेहरा त्यांना दिसला होता.

फौजदाराने हातमोजा परत चढवला.

तिने अख्खा गठ्ठा कलता करून तळाची तबकडी ओढली आणि लावली. थोडा वेळ नुसतीच खरखर आली. मग गाढव ओरडलं. सासूने त्याला आवाज खाली ठेवायला सांगितलं. गाढवाने उलट उत्तर दिलं.

फौजदार हसला. आधी नाकातल्या नाकात, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मालकही हसले, जरा जास्तच.

"उगाच त्रास दिला तुम्हाला," फौजदार डोळे पुसत म्हणाला. "आमच्या लेकीला भारी आवडेल हे. एक घेऊन जातो."

"हीच न्या ना," तिने तबकडी पुढे केली.

"वाजवलेली कशाला?" त्याने गठ्ठ्यातली वरची उचलली, लेबल वाचलं आणि काखेत मारली.

ती दारापर्यंत त्याच्या मागे गेली. "साहेब, ती अजून..."

"घरी पोचेपर्यंत होईल की गार," फौजदार वळून म्हणाला. "जेवणं झाली की सगळे मिळून ऐकू."