शेंदूर

आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सत्तरी उलटली, तेव्हा कुठं निपाणीचे शामुवेल आपल्या गुरूची, रत्नाकर या ख्रिस्ती पाळकांची कबर शोधायला गुंजीच्या रानात आले. ‘दगडापुढं वाकू नका,’ असं गावोगाव सांगत फिरलेले पाळक इथंच तापानं गेले होते. सकाळपासून पायपीट झाली, पण कबरीवरचा क्रूस काही कुठं दिसेना. दमून ते एका जांभळीखाली टेकले. शेजारी एक म्हातारी शेंदूर फासलेल्या दगडापुढं नारळ वाढवत होती.

“कुठला देव म्हणायचा हा, आक्का?” शामुवेलांनी नाक मुरडत विचारलं.

“पाद्रीबाबा. माझं पोर तापानं फणफणलं, तवा ह्ये रातभर त्याच्या उशाला बसलं हुतं. पोर वाचलं, आन् त्योच ताप ह्यास्नी घिऊन गेला.”

शामुवेल झटकन उठून दगडापाशी गेले. रुमाल काढून ते शेंदूर पुसायला लागले. खालनं दगडात कोरलेला क्रूस वर आला.

म्हातारीनं घाबरून दगडावर पदर पसरला.

“पुसू नका हो! आमच्याबिगर ह्येंचं हाय तरी कोण?”