उचलायचा न्हाय

बैरुतवर बॉम्ब पडायला लागले, तेव्हा तिथे नर्स असलेल्या जॉयसने डोंगरी गावातल्या बहिणीला, बर्नडेटला, बजावलं होतं, "रोज संध्याकाळी चर्चच्या घंटेला मिस्ड कॉल देईन. वाजला म्हणजे मी जिती हाय. उचलायचा न्हाय, फुकट पैसे जातात."

परवा जॉयस बोटीने सुटून आली. फोन तिकडेच पळापळीत पडला होता. बघायला आलेल्या बायकांनी "सोनं आणलंस का?" विचारताच बर्नडेटने त्यांना अंगणातून हाकललं. "लाजा वाटत न्हाय? मरणातून आलीय ती!"

आज जॉयस मोरीत बोंबील साफ करत होती. चर्चची घंटा झाली आणि बर्नडेटचा मोबाइल वाजला. जॉयसचा बैरुतचा नंबर.

"उचलू नको," मोरीतून जॉयस म्हणाली.

बर्नडेटचं डोकं फिरलं. लढाईत पडलेला फोन उचलून थट्टा करतोय मेला! तिने बटण दाबलं. "कोण रे तू, हलकटा?"

"बर्ना, उचललास कशाला?" पलीकडून जॉयस तिच्यावरच खेकसली. "मी अजून तळघरातच हाय गं!"

पाठीमागे मोरीतला नळ बंद झाला.