उत्तरांची पानं

इंग्रजीच्या यान बाईंनी दरवर्षीप्रमाणे पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या सरावपुस्तकांमागची उत्तरांची पानं फाडून घेतली आणि पन्नासच्या पन्नास संच मोजून कपाटात कोंडले.

आज मुख्याध्यापक दहा मिनिटांत तपासणीला येणार होते, उताऱ्यावरच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर खुद्द बाईंनाच येत नव्हतं आणि कपाटाची किल्ली राहिली होती घरी.

"बाळांनो," बाईंचा आवाज कधी नव्हे तो मधाळ झाला, "पानं देण्याआधी चुकून कुणी झेरॉक्स काढून ठेवली असेल, तर आणा बरं. ओरडणार नाही, शप्पथ!"

बघता बघता टेबलावर एकोणपन्नास झेरॉक्स जमल्या.

"आणि तुझी गं, रुओलान?"

"मी नाही काढली, बाई. मी उतारा वाचून सोडवते."



"तरीच मेली दर वेळी शेवटून पहिली येतेस!"