नऊ नंबरचा कंटेनर

नऊ नंबरच्या बॅटरी कंटेनरमध्ये हिरामणकाका इन्व्हर्टरचं कार्ड बदलत होते. भर दुपारी आभाळ भरून आलं, सौर वीज घसरली आणि वीजकेंद्र चालवणाऱ्या एआय यंत्रणेने आपणहून सगळे कंटेनर वीजवाहिनीला जोडायला घेतले. नियंत्रण कक्षात यामिनीने पडद्यावर वाचलं: नऊ नंबर चाळीस सेकंदांत जोडला जाईल.

"थांब! आत माणूस आहे, शॉक बसून मरेल!" ती ओरडली.

"नऊ नंबरशिवाय भार पेलणार नाही, थांबल्यास अख्ख्या जिल्ह्याची वीज जाईल," यंत्रणा शांतपणे म्हणाली. "रुग्णालयात चौदा जण व्हेंटिलेटरवर आहेत."

या बॅटऱ्यांच्या भरवशावर रुग्णालयातले जनरेटर तर केव्हाच भंगारात गेले होते. पाच सेकंद उरले तेव्हा यामिनीने मुख्य स्विच खाली ओढला.

हिरामणकाका घाम पुसत कक्षात आले. "वीज का गेली हो, मॅडम?"

रुग्णालयाचा फोन वाजत होता.