आजच्यापुरता बर्फ

"हे काय आहे?" वहिनीने विचारलं. फ्रीजरचं दार उघडं होतं आणि गार वाफ तिच्या मनगटांवरून खाली उतरत होती.

"बर्फाच्या पिशव्या," छोटी कौतुकाने म्हणाली. "आत जेल असतं. गोठवायच्या, आइसबॉक्समध्ये ठेवायच्या, घरी आलं की पुन्हा गोठवायच्या. वर्षभर सहज चालतात म्हणे."

"वर्षभर," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने दार लावलं आणि ती बाटल्या आवरायला लागली.

छोटी ही तिची नणंद. तिशी ओलांडली तरी घरात छोटीच. पडदे शिवायचं दुकान चालवायची. दोनदा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा तिचा खाक्या. बाळ वेळेच्या फार आधी जन्मलं, हॉस्पिटलातल्या काचेच्या पेटीत राहिलं आणि वहिनी रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हा बाकीचे रडले. छोटीने जाऊन आइसबॉक्स आणला. वहिनीने काढलेलं दूध रोज सकाळी बाळापर्यंत पोचवायचं काम तिने कुणी न सांगताच अंगावर घेतलं.

बर्फाचं तेवढं तिला पटत नव्हतं. रोज कोपऱ्यावर स्कूटर थांबवायची, वहिनीने उतरून बर्फाची थैली घ्यायची, तिथेच बाटल्यांभोवती ओतायची. हॉस्पिटल येईपर्यंत त्यातला निम्मा विरघळलेला. बाटल्या पाण्यात डुंबायच्या, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या सुटून यायच्या, छोटीची पाठ भिजायची ती वेगळीच. म्हणून तर तिने पिशव्या आणल्या होत्या. त्यात चुकलं काय, हे काही केल्या तिला कळेना.

"अगं, सोय किती होईल बघ ना," स्कूटर चालवता चालवता ती म्हणाली. "सांडलवंड नाही, रोजचं उतरणं नाही."

वहिनी थोडी पुढे सरकली. मग छोटीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून हळूच म्हणाली, "मला आजच्यापुरता बर्फ हवा, छोटे. उद्या बाळ घरी असेल."

छोटीच्या डोळ्यांसमोरचा रस्ता पुसट झाला. म्हणजे वहिनी रोज असं धरूनच घराबाहेर पडत होती. प्रत्येक थैली शेवटची. आणि आपण शहाण्या, फ्रीजर भरून ठेवला! तिला स्वतःचा भयंकर राग आला. घरी आल्यावर तिने पिशव्या फ्रीजरच्या तळाशी, वाटाण्याच्या पाकिटांखाली दडपून टाकल्या. पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेले. सकाळचं धुकं, मोकळे रस्ते, पाठीला टेकून पेंगणारी वहिनी आणि दोघींच्या मध्ये बर्फाची खुळखुळ. वहिनी झोपेतच काहीबाही गुणगुणायची. मध्येच दचकून विचारायची, "पोचलो का गं?" छोटीला वाटायचं, चाकं जमिनीला लागतच नाहीयेत. आपण कुठल्यातरी शांत पाण्याखालून चाललोय, आणि असंच चालत राहिलं तरी चालेल. हॉस्पिटलात बाळाच्या खोलीतला उजेडही निळसर होता. तिथे सगळे कुजबुजत बोलायचे, चपलासुद्धा आवाज न करता चालायच्या. पेटीच्या गोल खिडकीतून वहिनी बोट आत घालायची आणि बाळाची मूठ त्यावर मिटायची. छोटी काचेबाहेरून बघत राहायची. आपलंच बोट कुणीतरी धरलंय, असं तिला वाटायचं.

एकदा बाळाने दूध घ्यायचंच थांबवलं. भरलेल्या बाटल्या तशाच परत आल्या. दुसऱ्या दिवशी कोपरा आला तेव्हा छोटीला स्कूटर थांबवायचा धीर होईना. वहिनीने तिच्या पाठीवर थाप मारली, उतरली आणि बर्फ घेतला.

आणि मग एका सकाळी डॉक्टर म्हणाल्या, "न्या आता घरी."

दादाने बाळाला असं धरलं, जणू श्वास घ्यायचीही त्याला भीती वाटत होती. सगळे जिन्यापाशी आले तरी वहिनीचा पत्ता नव्हता. ती आत नर्सशी बोलत होती. आभार मानत असेल, छोटीला वाटलं.

घरी बाळ पोटभर प्यायलं आणि झोपलं. त्या आनंदात सगळं घर चवड्यांवर चालू लागलं. छोटीने आइसबॉक्समधलं उरलेलं पाणी ओतून दिलं, तो पुसून कोरडा केला, स्टूल ओढलं आणि माळ्यावर टाकायला चढली. सुटलो एकदाचे!

"तो वर ठेवू नकोस," वहिनी दारातून म्हणाली. "आणि त्या तुझ्या पिशव्या आहेत ना गं अजून?"

छोटी स्टुलावरच थिजली. "का? परत न्यायचंय बाळाला? डॉक्टर काय म्हणाल्या?"

"काही नाही गं, वेडे. बाळ छान आहे." वहिनीने फ्रीजर उघडला, वाटाणे बाजूला केले आणि एकेक पिशवी दाबून बघत बाहेर काढली. "मला दूध याला पुरून उरेल इतकं येतंय. नर्सशी बोलून आलेय मी. काल शेजारच्या पेटीत एक बाळ आलंय. आई बाळंतपणातच गेली त्याची."

तिने शेवटची पिशवी गालाला लावून बघितली.

"मुठीएवढं आहे, छोटे. त्याला अजून पुष्कळ दिवस लागतील."