दहाव्याचा भात

पिंड मांडून बराच वेळ झाला, तरी कावळा शिवेना. घाटावर कावळे पुष्कळ होते. ते जवळ उतरायचे, मान तिरकी करून भाताकडे बघायचे आणि उडून जायचे.

“हल्ली असंच होतं,” गुरुजी वैतागून म्हणाले. “दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू का?”

“थांबा, गुरुजी,” रेवती म्हणाली. “अण्णांची काहीतरी इच्छा राहिली असेल. दादा, तू बोल.”

मुकुंदने हात जोडले. “अण्णा, दुकान धाकट्या भावाला देतो.” कावळे हलले नाहीत. बायकोची नजर चुकवत तो शेवटी म्हणाला, “आईला आश्रमात ठेवणार नाही. ती आमच्याकडेच राहील.”

रेवतीने लगेच पिशवीतून डबा काढला आणि त्यातला भात पिंडावर ठेवला. कावळ्याने झडप घातली. सगळ्यांनी हात जोडले.

मुकुंदने मात्र बहिणीला बाजूला घेतलं. “हा भात कुठला?”

“जुन्या तांदळाचा. रेशनच्या नव्या तांदळाला पाखरं तोंड लावत नाहीत. पाखरांकडून होणारी नासाडी थांबावी म्हणून आमच्या विद्यापीठानेच तो नवा वाण तयार केलाय.”

“म्हणजे तुला आधीपासून ठाऊक होतं! आणि तू तर समाजशास्त्र शिकवतेस. तांदळाच्या संशोधनात तुझं काय काम?”

रेवतीने डबा पिशवीत टाकला. ती शेजारच्या पिंडाकडे बघत होती. तिथे कुणाचा तरी मुलगा हात जोडून चुळबुळत होता. त्याच्या मागे रेवतीची एक विद्यार्थिनी डबा घेऊन उभी होती. तो आईचं नाव घेईपर्यंत ती झाकण उघडणार नव्हती.