सात नंबरचा खड्डा

राजाच्या थडग्यातली काशाची भांडी १९३४ च्या उत्खननातच राजधानीला गेली. १९७६ मध्ये पुन्हा खणलं, तेव्हा सात नंबरच्या खड्ड्यात लव्हाळ्याच्या चटईत गुंडाळलेले पाच सांगाडे निघाले. शवपेटी नाही, भांडं नाही, म्हणून संग्रहालयात काचेखाली पाटी लागली: ‘राजासाठी बळी दिलेले गुलाम, तीन हजार वर्षांपूर्वीचे.’

मी त्यांची कार्बन चाचणी केली. हाडं जेमतेम साठ वर्षांपूर्वीची निघाली.

“यंत्र बिघडलं असेल,” संचालक चू म्हणाले.

“तीनदा? साहेब, ही १९६० साली उपाशी मेलेली माणसं आहेत.”

“मग तसं लिहू पाटीवर? त्या दुष्काळाचं नाव काढलं, तर उद्या दोघंही घरी बसू. जा, अहवाल नीट कर.”

मी तणतणत बाहेर आले. काचेपाशी गावातल्या तेंग आजी उभ्या होत्या. दर छिंगमिंगला, पितरांच्या दिवशी, त्या तिकीट काढून येतात. रागाच्या भरात मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

“माहितेय,” त्या म्हणाल्या. “डावीकडून दुसरी माझी आई. शहात्तर साली खणायला आमच्याच गावची माणसं होती, त्यांनी ओळखलं.”

“आणि तुम्ही सगळे गप्प बसलात? आजी, ही पाटी धडधडीत खोटी आहे. मी ती उतरवणार.”

“सरकारी दप्तरात माझी आई आजाराने गेली, पोरी. धान्याचं सरकारी कोठार भरलेलं होतं आणि दाराला पहारा होता. तिला वरच्यांसाठी मारलं, असं लिहिलेली एवढी एकच पाटी आहे. त्या पाटीला हात लावून तर बघ.”